बदली गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी अंबरनाथ पश्चिमेला राहते आणि मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मिठाईचे खोके बनवण्याचा आमचा एक लहानसा कारखाना आहे. लहानसा म्हणजे अगदी लहान. दोन मशिनं, अकरा बायका, तीन पुरुष, मी आणि हिशेब बघणारे माझे यजमान. आमच्या गावाचं खोक्याशी नातं तसं जुनंच. इथे विमकोचा आगपेट्यांचा मोठा कारखाना होता. त्याच्यावरूनच विमको नाका हे नाव पडलं, ते आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. आगपेटीच्या खोक्यापासून पेढ्याच्या खोक्यापर्यंत गाव येऊन पोचलं, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

आज मी तुम्हाला खोक्यांबद्दल सांगणार नाही. ते खोके वाहून नेणाऱ्या गाडीबद्दल सांगणार आहे. म्हणजे खरं तर दोन गाड्यांबद्दल. एक माझी, आणि एक सहा दिवसांसाठी माझ्याकडे पाहुणी म्हणून आलेली.

२०२३ साली आम्ही विजेवर चालणारा छोटा टेम्पो घेतला. तुम्ही तो रस्त्यावर पाहिला असेल. टाटांची एस ही गाडी २००५ मध्ये आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावानं गल्लोगल्ली पोचली. तिचा विजेवरचा अवतार मे २०२२ मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०२३ पासून गिऱ्हाइकांच्या हातात पडू लागला. त्यानंतर इतर कंपन्यांनीही याच आकाराच्या विजेच्या गाड्या आणल्या. माझी गाडी कोणत्या कंपनीची, हे मी मुद्दामच सांगत नाही. जी हकिगत सांगणार आहे ती कुठल्याही कंपनीच्या बाबतीत घडू शकते आणि मला कुणाची तक्रार मांडायची नाही. मला स्वतःचाच एक हिशेब मांडायचा आहे.

टेम्पो घेतला तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. यजमान म्हणाले, डिझेलची गाडी कुठेही दुरुस्त होते, ही बिघडली तर कोण बघणार? माझं गणित साधं होतं. आमचा माल जातो उल्हासनगरला, कल्याणला, बदलापूरला. लांब कुठेच नाही. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर. रात्री कारखान्यात पंधरा अँपियरच्या प्लगला पिन लावली की सकाळी गाडी भरलेली. शिवाय २०१८ पासून विजेच्या मालवाहू गाड्यांना वाहतुकीच्या परवान्याची अट नाही. डिझेलच्या जुन्या टेम्पोला किलोमीटरमागे पाच रुपयांच्या आसपास खर्च यायचा, इथे तो सव्वादोन रुपयांवर आला. आणि विजेची गाडी आमच्या भागाला नवीन थोडीच आहे? मुंबईत व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. शंभर वर्षं झाली त्याला. पुढे त्याच विजेवर आपण सगळे कामाला जातो-येतो आहोत.

गाडी चालवतात ते आमचे मामा. ते माझे नात्यानं कुणी नाहीत. पण कारखान्यातल्या सगळ्या बायका त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वय पन्नाशीच्या पुढे. पंचवीस वर्षं डिझेलच्या गाड्या चालवलेला माणूस. पहिल्या दिवशी किल्ली फिरवली आणि म्हणाले, “ताई, चालूच होत नाही.” गाडी चालूच होती. आवाज नव्हता, एवढंच.

तर २०२५ चा एप्रिल. त्या वर्षी अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती आणि लग्नसराई ऐन भरात. आमच्या धंद्यात दिवाळीनंतरचा हाच मोठा हंगाम. नेमकं त्याच्या आधीच्या आठवड्यात गाडीच्या सर्व्हिसिंगचं आलं. थोडं पुढे ढकलता आलं असतं. पण चार्जिंगला पिन लावली की मध्येच चार्जिंग तुटायला लागलं होतं, तेव्हा थांबणं शहाणपणाचं नव्हतं.

विजेच्या गाडीला सर्व्हिसिंग कसलं, असं मला बरेच जण विचारतात. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच नाही, हे खरं. पण बॅटरी आणि मोटर थंड ठेवणारं कूलंट असतं, ते तपासावं लागतं. ब्रेक असतात, पाटे असतात, टायर असतात. टायर तर जास्तच झिजतात, कारण मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. नारिंगी रंगाच्या जाड केबली असतात. त्यातून शेकडो व्होल्टची वीज जाते, म्हणून त्यांना हात लावायचा तो शिकलेल्या माणसानंच, रबरी हातमोजे घालून. ती वीज कुठे झिरपत नाही ना, हे मोजावं लागतं. नाक्यावरचा आमचा जुना मेकॅनिक अतिशय हुशार, पण तो म्हणाला, “वहिनी, या नारिंगी वायरीपुढे मी हात जोडतो.”

वर्कशॉप कल्याणच्या बाजूला. तिथल्या मुलानं गाडी तपासली आणि सांगितलं की चार्जिंगच्या सॉकेटचा भाग बदलावा लागेल. भाग बाहेरून यायचा आहे, आणि तो बसवणारा शिकलेला माणूस एकच आहे. पाच-सहा दिवस लागतील. माझा चेहरा पडलेला बघून तो मुलगा लगेच म्हणाला, “मॅडम, काळजी करू नका. तुम्हाला बदली गाडी मिळेल. तीही इलेक्ट्रिक.”

मला वाटलं, दुसरा टेम्पो मिळणार. प्रत्यक्षात त्यानं समोर आणून उभी केली ती पांढरीशुभ्र, चार दारांची, मागे डिकी असलेली मोटार. सेडान म्हणतात तशी. टेम्पो बदली द्यायला त्यांच्याकडे नव्हताच. मोटार होती, ती त्यांनी चांगल्या मनानं दिली. तो मुलगा म्हणाला, “तुमच्या गाडीपेक्षा महाग आहे, मॅडम.” म्हणजे माझा फायदाच झाला, असं त्याला वाटत होतं. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं, हे कबूल करते.

संध्याकाळी मोटार उलन चाळीच्या बाजूनं आमच्या गल्लीत शिरली तेव्हा शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “नवी घेतली का गं?” मुलगी तर चक्कर मारून आणा म्हणून मागेच लागली. रात्री जेवणानंतर आम्ही चौघं, म्हणजे मामासुद्धा, बदलापूरच्या दिशेनं फिरून आलो. काचा बंद, एसी चालू, आवाज नाही. मुलीनं एक गोष्ट दाखवली, जी मी दोन वर्षांत पाहिली नव्हती. विजेच्या गाड्यांची नंबरपाटी हिरवी असते, हे सगळ्यांना माहीत. पण माझ्या टेम्पोच्या हिरव्या पाटीवर अक्षरं पिवळी, आणि या मोटारीच्या पाटीवर पांढरी. पिवळी अक्षरं म्हणजे धंद्याची गाडी, पांढरी म्हणजे खाजगी. त्या दोन रंगांचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हासनगरच्या एका मिठाईवाल्यांचा माल जायचा होता. आमचे खोके घडी उघडलेले, सपाट, गठ्ठ्यांत बांधून जातात. शंभर खोक्यांचा एक गठ्ठा, वजन साधारण पाच किलो. टेम्पोच्या हौद्यात असे एकशे दहा गठ्ठे आरामात बसतात. म्हणजे साडेपाचशे किलो. मोटारीत काय झालं ते ऐका. डिकी दिसायला खोल, पण तिचं तोंड अरुंद. गठ्ठा आडवा जाईना, उभा केला तर झाकण लागेना. शेवटी डिकीत बारा, मागच्या सीटवर चौदा आणि पुढे मामांच्या शेजारी चार, असे तीस गठ्ठे बसले. सीटवर जुनी चादर घातली होती, तरी माझा जीव खालीवर. पाहुण्याच्या अंगावरच्या कपड्याला डाग पडू नये म्हणून जपावं, तसं आम्ही त्या मोटारीला जपत होतो.

जो माल एका फेरीत जायचा, त्याला चार फेऱ्या झाल्या. जाऊन-येऊन सोळा किलोमीटरची एक फेरी, म्हणजे चौसष्ट किलोमीटर. सकाळी नऊला सुरू झालेलं काम दुपारी तीनला संपलं.

आता मी तुम्हाला थोडं गणित सांगते. कंटाळू नका, सोपं आहे. माझ्या टेम्पोची बॅटरी वीस-बावीस युनिटची. कागदावर तिचा पल्ला दीडशेच्या घरात, पण माल भरून आमच्या रस्त्यांवर ती पंच्याण्णव किलोमीटर जाते. म्हणजे एका युनिटला साडेचार किलोमीटर. मोटारीची बॅटरी थोडी मोठी, आणि ती एका युनिटला जवळजवळ आठ किलोमीटर जात होती. यजमान लगेच म्हणाले, “बघ, ही गाडी टेम्पोच्या पावणेदोन पट चांगली.”

किलोमीटर मोजले तर खरंच आहे. ती बुटकी आहे, वारा कापत जाते, तिचं अंग गुळगुळीत. टेम्पोचं तोंड भिंतीसारखं सपाट, मागे उघडा हौदा.  कागदावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक वेगानं, ठरावीक पद्धतीनं काढतात. तिथे अंबरनाथचे खड्डे नसतात आणि मटका चौकातली कोंडीही नसते.

पण माझं काम किलोमीटर चालवण्याचं नाही. माझं काम गठ्ठे पोचवण्याचं. टेम्पोनं एकशे दहा गठ्ठे पोचवायला सोळा किलोमीटर घेतले, म्हणजे साडेतीन युनिटं. मोटारीनं तेच गठ्ठे पोचवायला चौसष्ट किलोमीटर घेतले, म्हणजे आठ युनिटं. दुपटीहून जास्त वीज, आणि सहा पट वेळ. तेव्हा चांगली गाडी कोणती, याचं उत्तर तुम्ही काय मोजता त्यावर आहे. सोन्याची सुरी असली तरी भाजी चिरायला विळीच लागते.

त्या संध्याकाळी आमच्या विम्याच्या एजंटांचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. मी कौतुकानं चार फेऱ्यांची गोष्ट सांगितली. ते गप्पच झाले. मग म्हणाले, “ताई, ती पांढऱ्या अक्षरांची गाडी आहे. खाजगी वापराची. तिच्यात धंद्याचा माल भरून काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणि तुम्ही सही केलेला कागद वाचला का?” मी वाचला नव्हता. चष्मा लावून वाचला. बारीक अक्षरात सहाव्या ओळीवर लिहिलं होतं, मालवाहतुकीसाठी वापर करू नये.

दोष वर्कशॉपचा नाही. कागद त्यांनी दिला होता, मी वाचला नव्हता. सही करताना आपण कागदाकडे न बघता देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, ही आपली जुनी सवय. पण आता पुढचे पाच दिवस माल कसा जाणार? नाक्यावरून डिझेलचा टेम्पो भाड्यानं घ्यावा लागला. फेरीला नऊशे रुपये, आणि ड्रायव्हर त्यांचाच.

श्रोतेहो, मला जे सांगायचं आहे ते खरं इथून सुरू होतं.

मामांना आम्ही महिन्याचा पगार देतो आणि शिवाय प्रत्येक फेरीला भत्ता. हंगामात हा भत्ता पगाराच्या निम्म्याइतका होतो. मामांचं घर त्यावर चालतं, मुलाच्या आयटीआयची फी त्यातून जाते. भाड्याचा टेम्पो आला, त्याचा ड्रायव्हर आला, आणि मामा बसून राहिले. ऐन हंगामात, जेव्हा दिवसाला तीन-चार फेऱ्या व्हायच्या, तेव्हा त्यांच्या नावावर एकही फेरी नाही. मी मात्र त्या थंडगार मोटारीत बसून दुकानदारांकडे नमुने दाखवत फिरत होते आणि मामा ती चालवत होते. याला फेरी म्हणायचं का? आमच्या वहीत फेरी म्हणजे मालाची फेरी.

तिसऱ्या दिवशी वसुलीला कल्याणला गेलो होतो. सिग्नलला थांबलो. बाहेर ऊन असं, की डांबर चमकत होतं. मामा म्हणाले, “ताई, एक सांगू? दोन दिवस झाले, संध्याकाळी घरी गेल्यावर मी चिडत नाही. बायको म्हणाली, आज काय बरं आहे का तुमचं? मग माझ्या लक्षात आलं. रोज मी तापून जातो. एसीत बसल्यावर कळलं, आपण किती तापतो ते.”

मी काही बोलले नाही. दोन वर्षं मी त्या टेम्पोचं कौतुक करत होते. धूर नाही, आवाज नाही, खर्च कमी. त्याच्या केबिनमध्ये मी किती वेळा बसले होते? वास्तुशांतीच्या फोटोसाठी बसावं तसं, पहिल्या दिवशी नारळ फोडल्यावर एकदा. त्यानंतर नाही.

आपल्याकडे हे फक्त माझ्या कारखान्यातच आहे असं नाही. ट्रकच्या केबिनला एसी असावा हा सरकारचा नियम झाला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना लागू झाला. चांगला नियम आहे. पण तो साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांसाठी. आमचा टेम्पो त्यात बसत नाही. विजेच्या ट्रकांना अनुदान देणारी केंद्राची योजना जुलै २०२५ मध्ये आली, तीही मोठ्या ट्रकांसाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसगाड्यांना टोलमाफी मिळाली. त्या माफीत मालवाहू गाड्या धरलेल्या नव्हत्या. आमचा टेम्पो काही अटल सेतूवर जात नाही, त्यामुळे माझं त्यात काही गेलं नाही. पण बघा, पांढऱ्या अक्षरांची हिरवी पाटी आणि पिवळ्या अक्षरांची हिरवी पाटी, दोघींची वीज एकच, धूर दोघींचाही नाही. तरी माणूस नेणारीला आपण आधी आठवतो आणि माल नेणारीला नंतर.

रेल्वेवाल्यांना हा फरक शंभर वर्षांपूर्वी कळला होता. मुंबईहून घाटाकडे वीज आली तेव्हा प्रवासी गाड्यांसाठी वेगळं इंजिन आणलं आणि मालगाड्यांसाठी वेगळं. मालगाडीचं ते सांध्यांत वाकणारं, बुटकं इंजिन घाट चढायचं, आणि रेल्वेची माणसं त्याला प्रेमानं ‘खेकडा’ म्हणायची. एक वेगासाठी, दुसरं ओढण्यासाठी. एकाची जागा दुसऱ्यानं घ्यावी असं कुणाला सुचलं नसतं.

माझं माहेर मुरबाडकडचं, शेतीवालं. आमच्याकडे सावड असायची. तुमच्यापैकी खेड्यातल्या श्रोत्यांना ठाऊक असेल. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघं मिळून जोडी करायची, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. कुणाचा बैल आजारी पडला की शेजारी आपला बैल घेऊन यायचा. बैलाच्या बदल्यात बैल, माणसाच्या बदल्यात माणूस. बैल आजारी पडला म्हणून कुणी तुम्हाला टांग्याचा घोडा आणून दिला, आणि तो महाग आहे असं सांगितलं, तर वडील हसले असते. आणि एक गोष्ट. बैल आजारी म्हणून सालदाराची त्या दिवसांची ज्वारी कुणी कापत नसे.

ही ज्वारी मला त्या रात्री आठवली. मी वही काढली. मागच्या तीन आठवड्यांच्या फेऱ्या काढल्या, त्यांची सरासरी काढली. चार फेऱ्यांच्या पहिल्या दिवसाचे चारही भत्ते लावले. माझा आधी विचार होता की माल एकाच फेरीचा होता, तेव्हा भत्ता एकच. पण गाडी लहान मिळाली त्यात मामांचा काय दोष? उरलेल्या दिवसांचा सरासरीनं भत्ता लावला. यजमानांनी आकडा बघितला, भाड्याच्या टेम्पोचा आकडा बघितला, आणि वही मिटून ठेवली. या हंगामात आपल्याला काय उरणार, असं त्यांनी विचारलं नाही. पण विचारलं असतं तरी चुकीचं नव्हतं. लहान कारखान्यात एक आठवडा उलटा गेला तर महिना सरळ होत नाही.

मामा पैसे घेईनात. म्हणाले, “फेरी झाली नाही, तर भत्ता कशाला, ताई? फुकटचं नको.” मी म्हटलं, “मामा, गाडी आजारी पडली. तुम्ही नाही.” थोडा वेळ ते उभे राहिले आणि मग पाकीट खिशात घातलं.

सहाव्या दिवशी टेम्पो परत आला. चार्जिंगचा सॉकेट नवा, ब्रेक जवळजवळ जुनेच, कारण त्यांना फारसं काम पडलेलंच नव्हतं. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते आणि उलटी वीज बॅटरीत भरते. मोटारीतही हे होतं, पण इतकं हलकं की कळायचंही नाही. टेम्पोत माल भरलेला असताना अंबरनाथच्या उड्डाणपुलावरून पश्चिमेला उतरताना ते स्पष्ट जाणवतं. चढताना जेवढं खर्च केलं, त्यातलं थोडंसं उतरताना परत. मामा त्याला ‘गाडी वसुली करते’ असं म्हणतात.

हे मला आता माहीत आहे, कारण टेम्पो परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मामांच्या शेजारी केबिनमध्ये बसले. चार फेऱ्या. पहिल्या फेरीत मजा वाटली. उंच बसतो आपण, लांबचं दिसतं. दुसऱ्या फेरीत पाठ बोलायला लागली. टेम्पोचे पाटे साडेपाचशे किलोसाठी केलेले. भरलेला असताना टेम्पो बरा चालतो, आणि रिकामा परत येताना प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. मोटारीचं उलटं, ती माणसांसाठीच लवचीक केलेली. तिसऱ्या फेरीला, दुपारी एक वाजता, समोरच्या काचेतून येणारं ऊन मांडीवर पडून होतं आणि माझी पाण्याची बाटली गरम झाली होती. चौथ्या फेरीत मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर मुलगी काहीतरी विचारायला आली, तर मी तिच्यावर खेकसले. आणि मला मामांच्या बायकोचं वाक्य आठवलं.

त्यानंतर आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. एसी बसवता येईल का, असं वर्कशॉपमध्ये विचारलं. बाहेरून बसवला तर वॉरंटीचा प्रश्न येतो आणि पल्लाही कमी होतो, असं उत्तर आलं. ते पटलं. मग केबिनच्या छताला आतून उष्णता अडवणारा पत्रा-फोमचा थर लावून घेतला. एक पंखा बसवला. सीटवर चांगली गादी. आणि मुख्य म्हणजे, फेऱ्यांच्या वेळा बदलल्या. एप्रिल-मे महिन्यांत जड माल सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी गाडी कारखान्याच्या सावलीत चार्जिंगला आणि मामा पंख्याखाली. दोन दुकानदार कुरकुरले. मग त्यांनाही सवय झाली.

आणखी एक केलं. आमच्याच वसाहतीत एका मसालेवाल्यांनी असाच विजेचा टेम्पो घेतला आहे. त्यांच्याशी आम्ही सावड केली. आमची गाडी सर्व्हिसिंगला गेली तर त्यांची सकाळच्या वेळात आमच्यासाठी, त्यांची गेली तर आमची त्यांच्यासाठी. विम्याचे कागद दोघांनी दाखवून घेतले, वाचून घेतले. यावेळी चष्मा लावून.

तुमच्यापैकी ज्यांना धंद्यासाठी विजेची गाडी घ्यायची असेल त्यांनी जरूर घ्यावी. मला तिचा पश्चात्ताप नाही. फक्त घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. भरलेल्या मालासह, माझ्या रस्त्यावर ती किती जाईल? दुरुस्त करणारी शिकलेली माणसं जवळच्या वर्कशॉपमध्ये किती आहेत? आणि ती बंद पडली तर बदली म्हणून काय मिळेल, माणूस नेणारं की माल नेणारं? आणि चौथा प्रश्न विक्रेत्याला नका विचारू, स्वतःला विचारा. गाडी बंद असेल त्या दिवसांत ती चालवणाऱ्याच्या घरी काय शिजेल?

ती पांढरी मोटार परत करायला मामा आणि मीच गेलो होतो. मामांनी ती आधी धुऊन घेतली, सीटवरचा कागदाचा भुगा ब्रशनं काढला. किल्ली देताना तो वर्कशॉपमधला मुलगा म्हणाला, “कशी वाटली गाडी, मॅडम?”

मी म्हटलं, “छान आहे रे बाळा. पण पुढच्या वेळी टेम्पो असला तर बघ.”